मालगुजार गेले, तलावावरचा हक्क कुठे गेला?

दरवर्षी २० मार्चला आम्ही वडशात महाडच्या सत्याग्रहाची आठवण काढतो. सभा होते, गाणी होतात, चवदार तळ्याच्या चित्रासमोर मेणबत्त्या लागतात. कार्यक्रम आटोपून कार्यकर्ते आपापल्या गावी निघतात तेव्हा बहुतेकांच्या वाटेत एखादा तलाव नाही तर बोडी लागते. तिच्यात बेशरम माजलेली असते, पाळ एका बाजूने खचलेली असते, पोटात कोणाची तरी धानाची बांधी शिरलेली असते. त्या तलावाकडे आपल्यापैकी कोणी बघत नाही. तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या माणसाची लेकरं आपण, आणि आपल्या गावच्या तलावाचं काय झालं ते आपल्याला सांगता येत नाही. हा लेख त्यासाठी.

पाणथळ जागा वाचवायच्या म्हटलं की वर्तमानपत्रांत मुंबईची खाडी येते, कांदळवन येतं, फ्लेमिंगो येतात. आमच्याकडच्या लोकांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या मागे. वडसा वैनगंगेच्या काठी आहे आणि आमची पाणथळ जागा म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मालगुजारी जाऊन पंचाहत्तर वर्षं होत आली तरी तलावाला नाव मालगुजाराचंच. ज्याने माती वाहिली त्याचं नाव कुठे नाही, ज्याने सारा वसूल केला त्याचं नाव सातबाऱ्यापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळीकडे आहे.

नावापासूनच सुरुवात करू, कारण इतिहासाची गफलत तिथेच आहे.

हे तलाव मालगुजारांच्या आधीचे आहेत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव बसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळत असे. तलाव बांधून मिळालेल्या जमिनीला 'तुकुम' म्हणत. चंद्रपूर शहरात तुकुम आहे आणि आपल्या देसाईगंज तालुक्यात चिखली तुकुम आहे. ते नाव उच्चारताना आपण तीनेकशे वर्षांपूर्वीचा जमिनीचा करार उच्चारत असतो, हे तिथल्या किती पोरांना माहीत असेल? तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचं कसब मोठं. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव परंपरेने जोडलेलं आहे. ते कसब मान्य करायलाच हवं. पण पाळ एकट्या पाटलाने बांधली नाही. डोक्यावर टोपली घेऊन माती टाकणारी माणसं कोणत्या वाड्यातली होती, हे दंतकथा सांगत नाही.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या जमीन बंदोबस्तात इंग्रजांनी एक मोठा उलटफेर केला. गावाचा सारा गोळा करून देणारा जो मध्यस्थ होता, त्याला त्यांनी गावाचा मालक ठरवलं. तोच मालगुजार. गाव त्याचं म्हणजे पडीक त्याचं, झाडझाडोरा त्याचा आणि तलावही त्याचा. तलाव गोंड राजाच्या सनदेचा, श्रम गावाचे, मालकी वसुली करणाऱ्याची. पण गावात पाण्यावाचून चालत नाही हे इंग्रजांनाही कळत होतं, म्हणून मालकीसोबत गावच्या रूढीचीही नोंद झाली. त्या नोंदीला 'वाजिब-उल-अर्ज' म्हणतात. पाणी कोणी किती घ्यायचं, मासे कोणी धरायचे, सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, हे त्यात यायचं. रोजच्या गरजेच्या या हक्कांना आपल्याकडे 'निस्तार' म्हणतात. आजही म्हातारी माणसं 'आमचा निस्तार त्या तलावावर होता' असं बोलतात.

इथे एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. पर्यावरणवाले मित्र रूढीचं फार कौतुक करतात. पूर्वी गाव एकोप्याने तलाव राखायचं, पाणकर पाणी वाटायचा, सगळं सुरळीत होतं, असं लिहितात. आम्ही रूढी या शब्दाला जरा भितो, आणि त्याला कारण आहे. रूढी लिहून घेणारा बंदोबस्ताचा अधिकारी, सांगणारे मालगुजार आणि पाटील. महारवाड्यात जाऊन, खाली बसून, 'तुमचा हक्क काय?' असं विचारून ती लिहिली गेली असेल असं मानायला फार भोळेपणा लागेल.

आणि रूढीचा आधार घेऊनच तर महाडचा खटला उभा राहिला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेले, राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं तेव्हा घेतलं गेलं. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले. त्यांनी काय सांगितलं? तळं सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांनी इथे न येण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादी रूढी सिद्ध झालेली नाही.

चवदार तळ्याचा खटला आपण समतेचा लढा म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तो पाण्याच्या कायद्याचा खटला म्हणूनही वाचला पाहिजे. दोन प्रश्न होते. तळं कोणाच्या मालकीचं? आणि काठावर यायचा हक्क कोणाचा? बाबासाहेबांनी दाखवून दिलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. नगरपालिकेची मालकी होती, ठराव होता, तरी काठ बंदच होता. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये, मूलभूत हक्कांच्या भागात, विहिरी आणि तलाव यांचा नावानिशी उल्लेख आला. जगातल्या किती राज्यघटनांत मूलभूत हक्क म्हणून तलाव लिहिला असेल?

घटना लागू झाली त्याच वर्षी आपल्या भागासाठी एक मोठा कायदा झाला. मध्य प्रदेश मालकी हक्क नष्ट करण्याचा १९५० चा कायदा. वडसा तेव्हा चांदा जिल्ह्यात आणि चांदा मध्य प्रदेशात. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांची मालकी संपली. गावची पडीक जमीन, जंगल, तलाव, मासळी हे सगळं सरकारजमा झालं. मात्र एक फट ठेवली गेली. ज्या तलावावर मालगुजाराशिवाय दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नाही, तो तलाव त्याच्याकडेच राहील. मालगुजार होण्यासाठी लागणारी अक्कल ज्याच्याकडे होती, त्याच्याकडे ही फट शोधण्याचीही अक्कल होती.

मालगुजारी नष्ट झाली ही चांगली गोष्ट झाली. ज्या विचाराने बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, त्याच विचाराची ही पुढची पायरी होती. आम्ही हे ठासून सांगतो, कारण आपल्या भागात एक गोष्ट मोठ्या माणसांच्या तोंडून वारंवार ऐकू येते: 'मालगुजार गेले आणि तलाव मेले. ते होते तोवर पाळीला माती पडायची.' माती पडायची हे खरं असेल, पण ती वेठीवर पडायची. या वाक्यात जी हळहळ आहे ती तलावाची कमी आणि मालगुजारीची जास्त आहे. तलाव बिघडले यात वाद नाही. पण ते मालगुजार गेल्यामुळे बिघडले नाहीत. सरकारने तलाव मालगुजाराकडून काढून घेतला आणि गावाला दिला नाही, स्वतःकडे ठेवला, म्हणून बिघडले.

हे कसं झालं ते कायद्यातच दिसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. विदर्भासाठी तिच्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या तरतुदी आहेत. कलम १६५ सांगतं की प्रत्येक गावातल्या सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढी जिल्हाधिकाऱ्याने नोंदवाव्यात. वाचून बरं वाटतं. मग पुढची अट येते: जी जमीन किंवा जे पाणी सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं, ताब्यातलं किंवा व्यवस्थापनातलं नाही, तेवढ्यापुरतंच. आता १९५१ मध्ये तलाव सरकारचे झाले. त्यामुळे मालगुजार होता तोवर गावाकडे त्याच्याविरुद्ध दाखवायला निदान एक कागद होता. मालक लोकशाही सरकार झालं आणि त्या कागदाची जागाच गेली. खासगी मालकाच्या पाण्यावर रूढी चालते, जनतेच्या सरकारच्या पाण्यावर चालत नाही!

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. सिंचनाचं पाणी एका खात्याकडे, मासळीचा ठेका दुसऱ्याकडे, बुडीत भागातली जमीन महसूलकडे, वरचं पाणलोट वनखात्याकडे. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि कागदांची विभागणी आणखी एकदा झाली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन आणि मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींसाठी लिहिले, पण लिहिलेल्या विषयासोबत तलावाच्या तुडुमाची किल्ली आली नाही.

या सगळ्यात तलावावर पोट असलेले धिवर मच्छीमार सहकारी संस्थांच्या रूपाने ठेकेदार झाले. हक्कदार होते, भाडेकरू झाले. ठेका म्हटला की वजन मोजायचं, म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज आलं, आणि गावच्या देशी मासळीकडे, काठच्या वनस्पतींकडे लक्ष द्यायला कोणाला कारण उरलं नाही. सिंचनाचं म्हणाल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन असलेला. आमच्या वस्त्यांतल्या भूमिहीन बौद्धाची लाभक्षेत्रात जमीन नाही, म्हणून तो पाण्याच्या संस्थेत नाही. जातीने मच्छीमार नाही, म्हणून तो मासळीच्या संस्थेतही नाही. पण तलाव आटला की विहीर त्याचीच आधी आटते आणि रोवणीची मजुरी त्याच्याच घरची बुडते.

आता पाणथळ जागांच्या कायद्याकडे येऊ. कोणाला वाटेल हा कायदा तरी तलावांना कामाचा असेल. १९७१ चा रामसर करार पाणथळ जागेची व्याख्या करताना नैसर्गिक असो की मानवनिर्मित, दोन्ही धरतो. भारत १९८२ पासून त्या करारात आहे. पण आपल्या देशाचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ उघडून बघा. सुरुवातीला व्याख्येत 'मानवनिर्मित' हा शब्द आहे, आणि लगेच खाली वगळलेल्यांची यादी आहे: नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन यांसाठी मुद्दाम बांधलेली बांधकामं. आमचे तलाव सिंचनासाठी बांधलेले. म्हणजे बाहेर. तीनशे वर्षांत त्यात कमळ आलं, शिंगाडा आला, पाखरं आली, माणसांची चार पोटं त्यावर चालली; तरी तो केवळ माणसाच्या हातांनी घडला म्हणून राखण्याच्या लायकीचा नाही. आपल्या देशात श्रमाला कायम खालची पायरी मिळत आली. ती इथेही मिळाली, असं आम्ही म्हटलं तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू द्या.

किनाऱ्याचं चित्र याच्याशी ताडून बघा. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई हायकोर्टाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली, भोवती ५० मीटरपर्यंत भराव-बांधकाम रोखलं. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवन नष्ट करणं हे अनुच्छेद २१ च्या हक्काचं उल्लंघन ठरवलं. राज्याने कांदळवन कक्ष उभारला. ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. म्हणून तिथे सगळं आबाद आहे असं नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळझाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये त्याच हायकोर्टाने परवानगी दिली, आणि खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांना विचारलं जातं ते सर्वांत शेवटी. पण झाड तोडायला सरकारी कंपनीलाही हायकोर्टाच्या दारात जावं लागलं. आमच्याकडे तलावाच्या पोटात मुरूम टाकायला बहुतेक वेळा एक ट्रॅक्टर आणि एक रविवार पुरतो.

आमच्या भागात कोर्ट आलं तेही पाखरासाठी. सारस पक्षी घटत चालले म्हणून नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. चांगलं केलं. सारसाला बोलता येत नाही म्हणून त्याचं ऐकणारं कोणी तरी मिळालं. तलावावर जगणाऱ्या माणसांना बोलता येतं, ही त्यांची अडचण दिसते.

आणि तलाव दुरुस्त करायचा म्हणजे काय, हेही ठरवतं कोण? २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ काढायचा, शेतकऱ्याने तो आपल्या खर्चाने शेतात न्यायचा. ट्रॅक्टर आणि शेत ज्याच्याकडे आहे त्याला गाळ. शिवाय यंत्राने तळ सरसकट खोल केला की उथळ काठ जातो, आणि वनस्पती, मासळीची अंडी, पाखरांचं खाद्य हे सगळं उथळ काठावरच असतं. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली तलावाची टाकी होते. याउलट भंडारा-गोंदियात धिवर बायांनी बेशरम उपटली, काठ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि कमी झालेले मासे परत येताना पाहिले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने त्यांना या कामात साथ दिली. कोणती वनस्पती कुठे आणि कोणता मासा कशावर वाढतो, हे ज्ञान त्या बायांकडे आधीपासून होतंच. योजना लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं.

मग कायद्यात आपल्याला हात घालायला जागाच नाही का? आहे, पण ती पाणथळ जागांच्या नियमांत नाही, वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या या कायद्याचं कलम ३(१) नीट वाचा. त्याचा खंड (ख) निस्ताराचे सामूहिक हक्क मान्य करतो, मग त्यांना कोणत्याही नावाने ओळखत असोत, आणि जमीनदारी वा तसल्या मध्यस्थ राजवटींतले हक्कही त्यात धरतो. १९५१ मध्ये मालगुजाराबरोबर जो लोकांचा निस्तारही वाहून गेला, तो परत मागायचा दरवाजा हाच आहे. खंड (घ) मध्ये पाणसाठ्यातले मासे आणि इतर उत्पादन यांवरचा हक्क आहे. आणि पुरावा म्हणून काय चालतं? नियम १३ मध्ये गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, वडीलधाऱ्यांचे जबाब आहेत, आणि समाजाने बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, देवराया आणि तळीही आहेत. पाणथळ नियम ज्या तलावाला बांधलेला म्हणून बाहेर काढतात, त्याच तलावाला वनहक्क नियम लोकांच्या हक्काचा पुरावा मानतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. ते गाव गोंडांचं आहे. आपल्या लोकांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. ही अट जाचक आहे आणि तिच्यावर बोललंच पाहिजे. पण अट आहे म्हणून दावाच करायचा नाही, हा जो शहाणपणा आपल्यात शिरला आहे, तो काढावा लागेल. दुसरी मर्यादा अशी की हा कायदा वनजमिनीलाच लागू होतो, महसूल जमिनीवरच्या तलावाला नाही. मात्र २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने विदर्भातली झुडपी जंगलं ही वनजमीनच असल्याचा निकाल दिला. या निकालाने गोरगरिबांची घरं असलेल्या झुडपी जमिनीचा प्रश्न कठीण केला, तो वेगळा लढायचा विषय आहे. पण जो तलाव किंवा जे पाणलोट झुडपी जंगल म्हणून नोंदलेलं आहे, तिथे वनहक्काचा दावा करायला आता वनखात्यानेच हरकत घेणं अवघड झालं आहे.

महसुली तलावांसाठी २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल हाताशी ठेवावा. सुप्रीम कोर्टाने देशभर गावची सामाईक जमीन आणि तळी यांवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यातला अपवाद पाठ असू द्या, कारण तलावाच्या नावाखाली पहिला बुलडोझर गरिबाच्याच झोपडीकडे वळतो: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेले पट्टे कायम करता येतात, असं कोर्टाने त्याच निकालात म्हटलं आहे.

एक सूचना आपल्याच लोकांना. धिवरांचा ठेका काढून आपल्या वस्तीला द्या, अशी मागणी काही गावांत आपली पोरं करू लागली आहेत. ती चूक आहे. तलावावर आधीच दोन पाट्या टाकून ठेवल्या आहेत, जमीनवाल्याची आणि ठेक्याची. तिसरी आपली टाकून भांडण लागेल, हक्क मिळणार नाही. दावा ग्रामसभेचा असावा आणि त्यात धिवर, गोंड, बौद्ध, भूमिहीन बाया यांची नावं एका कागदावर असावीत.

तो कागद तयार करायला आम्ही लागलो आहोत. एका गावच्या निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल मागायला आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. बाबूने अर्ज वाचला, वर बघितलं आणि विचारलं, 'कोणत्या मालगुजाराच्या नावाने शोधू?' आम्ही गावाचं नाव परत सांगितलं. त्याने ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आहे. नक्कल अजून मिळायची आहे.